डोमेनचं रेकॉर्ड ‘नाही’ म्हणतंय, पण नक्की कोण म्हणतंय?

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका पोरानं विचारलंय, थोडक्यात असं : “दादा, आमच्या दुकानाकडं ८०-८५ गिऱ्हाइकांची डोमेनं आहेत. दोन नागरी सहकारी बँका, बाकी हळद-बेदाण्याचे व्यापारी, शाळा, दवाखाने. सगळ्यांचं डीएनएस एका नव्या ठिकाणी हलवायचंय. आधी कुणाचं काय काय आहे ते बघायला पायथनमधे स्क्रिप्ट लिहिली, पण ती सकाळी एमएक्स दाखवते, दुपारी ‘नाही’ म्हणते, टीएक्सटी तुकड्यातुकड्यानं येतंय, आणि काल मी बदललेलं रेकॉर्ड आज पण जुनंच दिसतंय. स्क्रिप्ट गंडलीय का डीएनएस?”

नवख्यांसाठी एक ओळ : डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावाचे पत्ते सांगणारी नोंदवही, तिच्यातली एमएक्स म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरला जायचं त्याची नोंद आणि टीएक्सटी म्हणजे साध्या मजकुराची नोंद. भावा, डीएनएस ठणठणीत आहे. स्क्रिप्ट पण पूर्ण गंडलेली नाही. तू विचारतोयस ते बरोबर, पण कुणाला विचारतोयस ते तुला माहीत नाही, आणि समोरचा ‘नाही’ म्हणतो तेव्हा ते कसलं नाही हे तू बघतच नाहीस. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ बसून गेली पंधरा-सोळा वर्षं हेच उद्योग करतोय आणि यातली प्रत्येक चूक स्वतःच्या हातानं केलीय, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

पहिलं कुणाला विचारायचं ते. तुमच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, आजचा खरा भाव तिथं कळतो. पण सगळेच काय सौद्याला जात नाहीत, बाहेर चहाच्या गाड्यावर कुणीतरी सांगतो “राजापुरीला एवढा निघाला”, तो खोटं बोलत नाही, पण तो भाव सकाळचा असेल नाहीतर कालचा. तुझी स्क्रिप्ट चहाच्या गाड्यावर विचारतीय. ऑफिसच्या राउटरनं जो रिझॉल्व्हर (आपल्या वतीनं डीएनएसला विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) दिलाय त्याला ती विचारते, आणि तो आपल्या कॅशमधनं, म्हणजे आधी साठवलेल्या उत्तरांतनं, उत्तर देतो. गूगलचा ८.८.८.८ लावला तरी गाडा बदलला, सौदा नाही. खरं उत्तर त्या झोनच्या (डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचाच्या) स्वतःच्या नेमसर्व्हरकडं, म्हणजे ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरकडं असतं.

डीएनएसपायथन या पायथनच्या लायब्ररीमधे हे करायला फार काही लागत नाही. आधी डोमेनचे एनएस, म्हणजे नेमसर्व्हरची नावं, काढायचे, त्या नावांचे आयपी काढायचे, मग रिझॉल्व्हरचा नवा ऑब्जेक्ट बनवताना कॉन्फिगर फॉल्स द्यायचं म्हणजे तो सिस्टिमची सेटिंग उचलत नाही, आणि नेमसर्व्हर्सच्या यादीत ते आयपी भरायचे. तिथं आयपीच लागतो, नाव टाकलंस तर एरर येतो, यात पहिल्यांदा सगळेच अडखळतात. आणि एकाच नेमसर्व्हरला विचारून थांबू नकोस, सगळ्यांना वेगवेगळं विचार आणि एसओएचा (झोनची मूळ माहिती सांगणाऱ्या रेकॉर्डचा) सीरियल नंबर जुळतोय का बघ. दोन सर्व्हरचे सीरियल वेगळे असतील तर तुझं ‘सकाळी आहे, दुपारी नाही’ चं एक कारण तिथंच सापडलं, दुसरा सर्व्हर जुनाच झोन घेऊन बसलाय.

उत्तर गाड्यावरनं आलं का सौद्यातनं हे ओळखायच्या दोन खुणा सांगतो. उत्तराच्या आत रिस्पॉन्स असतो, त्याच्या फ्लॅग्जमधे एए नावाचा एक बिट असतो, तो लागलेला असेल तर खुद्द मालकानं दिलेलं उत्तर. दुसरी खूण टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद कॅशमधे ठेवायचं ती मुदत. मालकाला कितीदा पण विचारा, टीटीएल ३६०० असेल तर ३६००च येणार, कॅशवाला मात्र कधी २८४७ सांगेल, थोड्या वेळानं २८३५, आकडा उतरत जातो. मी थेट नेमसर्व्हरचा आयपी दिलाय आणि तरी एए लागलेला नाही असं झालं तर समजायचं की मधेच कुणीतरी, राउटर म्हणा किंवा इंटरनेट देणारा म्हणा, पोर्ट ५३ चं, म्हणजे डीएनएसचं, ट्रॅफिक अडवून स्वतःच उत्तर देतोय. आपल्याकडं हे अजिबात दुर्मिळ नाही. अशा वेळी स्क्रिप्ट घरनं न चालवता भाड्याच्या सर्व्हरवर चालवायची, भांडत बसायचं नाही.

आता ‘नाही’ चं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. डीएनएसमधे ‘नाही’ चार प्रकारचं असतं आणि डीएनएसपायथन त्या चारींना वेगवेगळी नावं देतं. एनएक्सडोमेन म्हणजे या नावाचं मुळात कुणी नाहीच. नोआन्सर म्हणजे नाव आहे, पण तू मागितलेल्या प्रकारचं रेकॉर्ड नाही, मेल नाही पण वेबसाइट आहे असं काहीतरी. नोनेमसर्व्हर्स म्हणजे ज्यांना विचारलं त्यांनी हात वर केले, सर्व्हफेल नाहीतर रिफ्यूज्ड दिलं, म्हणजे रेकॉर्ड असेल पण व्यवस्था बिघडलीय. आणि टाइमआउट म्हणजे कुणी काही बोललंच नाही. पहिली दोन उत्तरं आहेत, शेवटची दोन उत्तरंच नाहीत. तू एक्सेप्ट (पायथनमधली एरर पकडायची ओळ) लिहून पुढं काही न सांगता चारींना एकाच पोत्यात भरलंयस आणि पोत्यावर ‘नाही’ लिहिलंयस. तुझ्या ऑफिसचं नेट दुपारी रडतं तेव्हा टाइमआउट येतोय, आणि स्क्रिप्ट म्हणतीय एमएक्स नाही. रिझॉल्व्हर एका प्रश्नामागं मुळात ५ सेकंदच थांबतो, लाइफटाइम नावाची सेटिंग आहे ती १५ कर, आणि टाइमआउट आला तर परत विचार, तीनदा विचारून पण आला तर एक्सेलमधे ‘कळलं नाही’ असं लिही. ‘नाही’ आणि ‘कळलं नाही’ हे दोन वेगळे रकाने पाहिजेत म्हणजे पाहिजेत.

हे मी एवढं ओरडून सांगतोय कारण मी मार खाल्लाय. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच माझी एक स्क्रिप्ट होती, ती बघायची की कुणाला एमएक्स नाही, आणि दुसरी स्क्रिप्ट होती जी अशांना आमच्या मेल सर्व्हरचा एमएक्स आपोआप लावून टाकायची, मला फार हुशारी वाटली होती तेव्हा. पावसात लाइट गेली, इन्व्हर्टरवर नेट धापा टाकत होतं, स्क्रिप्टला १४ डोमेनांचं उत्तर वेळेत आलं नाही, तिनं लिहिलं एमएक्स नाही, दुसरीनं इमानदारीत १४ जणांना आमचा एमएक्स लावला. त्यातल्या ९ जणांचं मेल दुसरीकडं होतं. आता त्यांना दोन दोन एमएक्स झाले आणि दोन्हीचा आकडा १०, म्हणजे पाठवणाऱ्यानं दोघांतला कुठला पण निवडावा. निम्मं मेल बरोबर जायचं, निम्मं आमच्याकडं यायचं आणि इथं तसला मेलबॉक्सच नाही म्हणून परत जायचं. निम्मं चालत असल्यामुळं दोन दिवस कुणाला कळलं पण नाही. तिसऱ्या दिवशी बेदाणा बाहेर पाठवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्यांचं शिपमेंटचं पत्र हरवलं होतं, आणि ते जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. तेव्हापासून माझ्याकडं वाचणारी स्क्रिप्ट वेगळी आणि लिहिणारी वेगळी, आणि लिहिणारी आधी नुसतं दाखवते की मी हे-हे करणार आहे, मी डोळ्यानं बघून हो म्हटल्याशिवाय ती हलत नाही.

या ‘नाही’ च्या प्रकारांचा एक फायदा पण आहे. डीकेआयएमचं (मेलवरची सही तपासायच्या कीचं) रेकॉर्ड ज्या नावावर असतं त्यात सिलेक्टर, म्हणजे त्या कीचं नाव, असतो, सिलेक्टर, मग अंडरस्कोअर डोमेनकी, मग डोमेन. सिलेक्टर माहीत नसेल तर रेकॉर्ड विचारताच येत नाही, आणि तुला वाटेल एनी टाइपनं सगळंच मागवू, तर ते सोड, २०१९ च्या आरएफसी ८४८२ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) सर्व्हरवाल्यांना एनीला जुजबी उत्तर देऊन मोकळं व्हायची मुभाच दिलीय. पूर्ण झोन मागवायचा एएक्सएफआर म्हणशील तर तो बाहेरच्याला कुणी शहाणा देत नाही. पण तू नुसतं अंडरस्कोअर डोमेनकी डॉट डोमेन एवढंच विचार. एनएक्सडोमेन आलं तर त्याच्याखाली काहीच नाही. नोआन्सर आलं तर खाली काहीतरी आहे, शोध. सर्व्हर नियमानं वागत असेल तरच हे चालतं, काही जुनाट सर्व्हर इथं पण चुकीचं एनएक्सडोमेन देतात आणि वाइल्डकार्ड (कुठल्याही नावाला उत्तर देणारं रेकॉर्ड) असेल तर सगळंच फसवं. सिलेक्टरचं खरं नाव गिऱ्हाइकाच्या एखाद्या पाठवलेल्या मेलच्या हेडरमधे मिळतं, डीकेआयएम सिग्नेचरच्या ओळीत एस बरोबरच्या पुढं. हलवताना हे रेकॉर्ड विसरलं की आठवड्यानं ‘आमचे मेल स्पॅममधे जातायत’ सुरू होतं. म्हणून खरं सांगू का, जुन्या कंट्रोल पॅनेलमधनं झोन एक्सपोर्ट करून घे. स्क्रिप्टनं बाहेरनं झोन कधीच पूर्ण कळत नाही, ज्या नावांची तुला आठवण आहे तेवढंच ती विचारणार.

टीएक्सटी तुकड्यांत येतंय ते बरोबरच आहे. टीएक्सटीमधली एक स्ट्रिंग २५५ बाइटच्या वर जाऊ शकत नाही, लांबी सांगायला एकच बाइट ठेवलाय, १९८७ च्या आरएफसी १०३५ पासनं तसंच आहे. २०४८ बिटची डीकेआयएम की त्यात मावत नाही म्हणून दोन स्ट्रिंग होतात. डीएनएसपायथनमधे रेकॉर्डच्या स्ट्रिंग्जमधे बाइट्सचे तुकडे मिळतात, ते रिकाम्या बाइट्सनं जॉइन कर आणि मग डिकोड कर. मधे स्पेस घालू नकोस. टू-टेक्स्ट वापरलंस तर अवतरणचिन्हांसकट येतं आणि मग लोक ती चिन्हं रिप्लेस करत बसतात, तुकड्यांमधली स्पेस तशीच राहते, आणि एसपीएफमधलं (डोमेनच्या नावानं मेल कुणी पाठवायचं ते सांगणाऱ्या टीएक्सटीमधलं) एखादं नाव मधोमध फाटतं. उलटं पण होतं बरं का, लिहिणाऱ्यानंच दोन तुकडे करताना पहिल्याच्या शेवटी स्पेस सोडली नसेल तर जोडल्यावर दोन शब्द चिकटतात आणि एसपीएफ बाद. ते स्क्रिप्टनं दुरुस्त करायचं नाही, जगाला जे दिसतं तेच तुला दिसलं पाहिजे.

एसपीएफचा विषय निघालाच आहे तर ८५ डोमेनांत किमान पाच-सात ठिकाणी तुला दोन दोन एसपीएफ सापडतील, लिहून ठेव. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर घेतलं की तो विक्रेता सांगतो “हे टीएक्सटी टाका”, गिऱ्हाईक आहे त्याच्यात न मिसळता नवीन टाकतं. एका नावावर दोन एसपीएफ म्हणजे पर्मएरर, दोन्ही असून नसल्यासारखी. शिवाय १० लुकअपची मर्यादा आहे, आरएफसी ७२०८ मधे. इन्क्लूड, ए, एमएक्स, पीटीआर, एक्झिस्ट्स आणि रिडायरेक्ट मोजायचे, आयपी४, आयपी६ आणि ऑल मोजायचे नाहीत. इन्क्लूडच्या आतले इन्क्लूड पण त्याच १० मधे धरायचे, म्हणून हे मोजायला फंक्शन स्वतःलाच बोलावणारं लिहावं लागतं, आणि आधी बघितलेली नावं एका सेटमधे ठेव नाहीतर कुणीतरी गोल फिरणारं इन्क्लूड लिहिलेलं असतं आणि तुझी स्क्रिप्ट पंढरीच्या वाटेला लागते.

शेवटचा डॉट. तो कचरा समजून काढून टाकू नकोस. तो रूट आहे, नाव पूर्ण झालं असं सांगतो. झोन फाइलमधे एमएक्सच्या टार्गेटला हा डॉट विसरला की मागं झोनचं नाव परत चिकटतं, मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम असलं भूत तयार होतं. नव्या ठिकाणी इम्पोर्ट केल्यावर हे भूत हमखास एकदा तरी दिसतं. जुनं-नवं जुळवताना स्ट्रिंग जुळवत बसू नकोस, नेम ऑब्जेक्ट जुळव, कॅपिटल-स्मॉलचा फरक तो आपोआप सोडून देतो. रेकॉर्डांचा क्रम पण दर वेळी बदलतो, म्हणून यादी न जुळवता सेट जुळवायचा.

एक फालतू वाटणारी गोष्ट : तुझ्या फोल्डरमधे डीएनएस डॉट पीवाय नावाची फाइल असेल तर आधी तिचं नाव बदल. पायथन लायब्ररीऐवजी तुझीच फाइल इम्पोर्ट करतो आणि म्हणतो रिझॉल्व्हर नावाचं काही नाही. माझी एक आख्खी संध्याकाळ यात गेलीय, बायको जेवायला हाका मारतीय आणि मी लायब्ररी काढून परत टाकतोय. आणि कुठल्यातरी जुन्या कोडमधनं क्वेरी नावाचं फंक्शन उचललं असशील तर २०२० ला आलेल्या २.० पासनं रिझॉल्व्ह वापरायचं. नुसतं नाव नाही बदललेलं, जुनं क्वेरी सिस्टिमची सर्च लिस्ट पण वापरायचं, म्हणजे ऑफिसच्या डोमेनचं शेपूट लावून बघायचं आणि भलत्याच नावाचं उत्तर आणायचं.

तुझ्या बँकांबद्दल. रिझर्व्ह बँकेनं २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन वर यायला सांगितलं होतं, नोंदणी रिझर्व्ह बँकेनंच उभारलेल्या आयडीआरबीटी या संस्थेकडं. म्हणजे प्रत्येक बँकेचं जुनं डोमेन आणि नवं डोमेन दोन्ही तुझ्या यादीत पाहिजेत, जुन्यावर अजून खातेदारांचं मेल येत असणार. आणि तू जर डॉटवर तोडून शेवटचे दोन तुकडे म्हणजे डोमेन असं धरत असशील, तर तुझ्या दोन्ही बँकांचं डोमेन ‘बँक डॉट इन’ एवढंच निघेल, आणि सगळ्या को डॉट इन वाल्यांचं ‘को डॉट इन’. झोन कुठं सुरू होतो ते डीएनएसलाच विचारायचं, झोन-फॉर-नेम नावाचं फंक्शन एसओए शोधत खालनं वर जातं, ते वापर.

नेमसर्व्हर बदलल्यावर रजिस्ट्रीकडं, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्यांकडं, खरंच बदलले का बघायचं असेल तर डॉट इनच्या सर्व्हरला थेट विचारावं लागतं. इथं एक गंमत आहे, तो तुझ्या डोमेनचा मालक नाही, तो फक्त बोट दाखवतो, त्यामुळं एनएस उत्तराच्या भागात न येता ऑथॉरिटीच्या भागात येतात, रिझॉल्व्हरला ते नोआन्सर वाटतं. तिथं डीएनएस क्वेरी मोड्यूलचं यूडीपी फंक्शन वापरून मेसेज स्वतः उघडून बघायचा. मोठं उत्तर यूडीपीत (छोट्या, झटपट निरोपाच्या पद्धतीत) मावलं नाही तर टीसीपीवर (मोठ्या निरोपाच्या पद्धतीवर) जाणारं, फॉलबॅकवालं फंक्शन आहे ते घे. ऑफिसच्या फायरवॉलनं टीसीपी ५३ बंद केलं असेल तर फक्त मोठी टीएक्सटीच टाइमआउट होतात आणि माणूस वेडा होतो.

तुमच्याकडं कुणी मराठीत डोमेन घेतलंय का ते पण बघून घे, डॉट भारत २०१४ पासनं देवनागरीत मिळतं. ‘साताऱ्याचा’ मधला ऱ्य दोन तऱ्हेनं टाइप होतो, एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. पण पायथनच्या आतला आयडीएनए (देवनागरी नावाचं एक्सएन डॅश डॅशवालं इंग्रजी अक्षरांतलं रूप करणारा कोड) हा २००३ चा नियम पाळतो, तो जॉइनर फेकून देतो आणि र चा रफार होतो, वेगळं बसवलेलं आयडीएनए मोड्यूल २००८ चा नियम पाळतं आणि जॉइनर ठेवतं. एकाच नावाची एक्सएन डॅश डॅशवाली दोन रूपं, एकाला एनएक्सडोमेन, एकाला उत्तर. अशा डोमेनचं एक्सएनवालं रूप रजिस्ट्रारच्या पॅनेलमधनंच कॉपी कर.

राहिलं तुझं कालचं रेकॉर्ड. होस्टिंगवाले सांगतात ‘पसरायला २४ ते ४८ तास लागतात’, तसं पसरत वगैरे काही नाही, जुनं उत्तर ज्याच्या त्याच्या कॅशमधे मुदत संपेपर्यंत पडून असतं एवढंच. जुना टीटीएल ८६४०० असेल तर एक दिवस, ३०० असेल तर पाच मिनिटं. आणि ‘नाही’ पण कॅश होतं हे लक्षात ठेव, किती वेळ ते एसओएच्या शेवटच्या आकड्यावर नाहीतर एसओएच्या स्वतःच्या टीटीएलवर, जो लहान त्याच्यावर. रेकॉर्ड टाकायच्या आधीच तू चार वेळा ‘आलं का, आलं का’ बघितलंस तर तुझ्याच राउटरच्या रिझॉल्व्हरला तू ‘नाही’ पाठ करून ठेवलंस. म्हणून टाकायच्या आधी बघायचं झालं तर थेट नेमसर्व्हरलाच.

तेव्हा रविवारी रात्री हलवणार असशील तर शुक्रवारीच जुन्या ठिकाणचे टीटीएल ३०० वर आण, शनिवारी स्क्रिप्ट सगळ्या जुन्या नेमसर्व्हरवर चालवून उतरले का बघ, नव्या ठिकाणी झोन भरून दोन्हीकडचे सेट जुळव, फरक शून्य आला की मगच रजिस्ट्रारकडं एनएस बदल. आणि जुना झोन लगेच पुसू नकोस, आठवडाभर तसाच चालू ठेव, कारण एनएसचा टीटीएल रजिस्ट्रीच्या हातात असतो, तो तुला उतरवता येत नाही. बँकांची डोमेनं सगळ्यात शेवटी, आणि ती रविवारी नको, त्यांचा माणूस फोन उचलेल अशा दिवशी.